तीन गोण्यांचं दळण

आमच्या गावची पतसंस्था माझ्या तोंडामुळे बुडाली, असं अजूनही चारचौघांत बोललं जातं. बोलणारा समोरून येताना दिसला की मीच आधी राम राम घालते. तोंड लपवावं असं मी काही केलेलं नाही. जे झालं ते मी इथे माझ्या हातानं लिहून ठेवते आहे, कारण त्या वेळी दुसऱ्यानं लिहिलेला एक कागद तयार होता आणि त्याच्याखाली फक्त माझी सही हवी होती.

मी पिठाची गिरणी चालवते. तापीकाठचं आमचं गाव, बसथांब्याच्या मागे पतसंस्थेची दोन मजली इमारत, वर ऑफिस आणि खाली रस्त्याकडेला चार गाळे. त्यातला कडेचा गाळा माझा, म्हणजे भाड्याचा. एक चक्की गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची, आणि मागच्या खोलीत उन्हाळ्यापुरतं चालणारं मिरची कांडायचं यंत्र. सासरे गेले तेव्हा नवरा म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, तू तुझा टेम्पो चालव, गिरणी मी बघते. बाईमाणसानं पट्टा चढवायचा, दगडाला टाकी लावायची, हे गावाला पचायला वर्ष-दोन वर्षं गेली. नंतर सवय झाली.

गिरणीवालीला गावाचं जेवढं कळतं तेवढं तलाठ्याला कळत नाही. डबा खाली ठेवला की मी झाकण उघडायच्या आधी सांगू शकते, घरात पाहुणे आहेत, की सून माहेरी गेली, की म्हाताऱ्याचे दात पडले म्हणून पीठ बारीक हवंय. मी कोणाच्या घरात डोकावत नाही. डबेच बोलतात, आणि कान बंद करून दळण होत नाही.

त्यातही दादरचं गणित वेगळं. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. तिचं पीठ फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेनं फाटते, तव्यावर टाकेपर्यंत हातात दोन तुकडे. म्हणून कुठलीही शहाणी बाई दादर आठवड्यापुरतीच दळून नेते. घरात पन्नास गोण्या असल्या तरी दळायला डबाभरच आणते.

आता त्या मंगळवारचं सांगते. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. भर दुपार, रांगेत सहा बायका, आणि दारात एक लोडिंग रिक्षा येऊन उभी राहिली. त्यातून पतसंस्थेच्या चेअरमनची बायको उतरली. चेअरमनला सगळं गाव आबा म्हणतं, तिला आम्ही अक्का म्हणतो. त्यांच्या घरचं दळण दर आठवड्याला त्यांचा सालदार घेऊन यायचा, दोन डबे, ठरलेले. अक्का स्वतः गिरणीवर आलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि तिच्यामागून सालदारानं एकामागून एक तीन गोण्या उतरवल्या. दोन गव्हाच्या, एक दादरची.

"बठं दळनं शे," ती म्हणाली, म्हणजे सगळंच. "आजच पाहिजे."

अख्खी गोणी दादर. चैत्र तोंडावर आलेला, ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसे, आणि ही बाई अख्खी गोणी दादर एका दिवसात दळून मागत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय अक्का, घरमा लगीन शे, का गाव सोडी ऱ्हायनात?"

मी थट्टाच केली होती. रांगेतल्या दोघी-तिघी हसल्यासुद्धा. अक्का हसली नाही. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "दळ ना वं माय, कसाले इचारस?" आवाज इतका बारीक की मलाच वाईट वाटलं. लग्न असतं तर तिनं सांगितलं असतं. लग्नाचं दळण घेऊन आलेली बाई गप्प बसत नाही, ती मुलाकडचे कोण, किती माणसं येणार, मांड्यांना कुठला गहू, सगळं न विचारता सांगते. मी रांगेतल्या एकीकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. एक प्रश्न आणि दोन भुवया, एवढाच माझा गुन्हा.

दळून दिलं. संध्याकाळी रिक्षा येऊन पीठ घेऊन गेली. आणि रात्रीच्या जेवणाआधी गावात झालं होतं, चेअरमन पळी ऱ्हायना.

बुधवारी सकाळी पतसंस्था उघडायच्या आत जिन्यापासून रांग लागली. ती माझ्या गाळ्यासमोरून वळून पार पिंपळापर्यंत गेली. पुढे कोण उभं होतं ते मी पाहिलं, कालच्याच बायका होत्या. पासबुकं पदराखाली धरून उभ्या. अकरा वाजून गेले असतील, वरून कॅशियरचा आवाज आला, आज रोकड संपली, उद्या या. शटर खाली आलं. तो उद्या काही अजून उजाडलेला नाही.

मी त्या रांगेत नव्हते. हे कोणाला खरं वाटत नाही. माझी स्वतःची ठेव वर होती, चक्कीचे नवे दगड घ्यायला जमवलेली, आणि त्यात नवऱ्याची टेम्पोच्या टायरांची भर. संक्रांतीच्या दिवशी आबांनी स्वतः पावती हातात दिली होती, तिळगूळ देऊन. मग मी का नाही गेले? कारण त्या सकाळी माझ्या चक्कीत दाणे होते. चालत्या चक्कीला सोडून कोणी बाहेर जात नाही. दाणे संपून दगड रिकामे फिरले तर ते एकमेकांना खातात. एकाचं संपलं की दुसरीचा डबा, असं करत अकरा वाजले. आणि दुसरं खरं कारण सांगायचं तर माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. आबा आणि पळून जाणार? मला वाटलं, काहीतरी दुसरं असेल.

नवरा घरी आला तो दारातूनच ओरडत. "बठा गावले सांगं, आन तू सोता दळत बठनी?"

"मी कोणाला काही सांगितलं नाही," मी म्हटलं.

"मंग गावले सपन पडनं का?"

माझी बुद्धी कुठे शेण खायला गेली होती, हे मी स्वतःलाच पुष्कळ वेळा विचारलं आहे.

आठवड्याभरात सहकार खात्याचा साहेब येऊन गेला आणि दाराला कागद चिकटला, पुढील आदेशापर्यंत व्यवहार बंद. शहाण्या माणसांनी हिशेब केला की ज्यांच्या ठेवी होत्या त्यांचं नुकसान झालं, बाकीच्यांचं काय जातं. ते शहाणे कधी गिरणीवर येऊन बसले नाहीत. मी माझ्या स्टुलावर बसून डबे बघत होते, आणि मला दिसत होतं की हे प्रकरण पासबुकवाल्यांपाशी थांबणारं नाही.

आधी लग्नं थांबली. वैशाखातल्या तारखा धरलेल्या घरांनी पुढे ढकललं, आणि मांड्यांच्या गव्हाचं दळण आलंच नाही. शेजारच्या गल्लीतला बँडवाला दुपारी माझ्या बाकड्यावर येऊन बसायला लागला. घरी बसलं की बायको कामं सांगते, म्हणायचा. त्याचं पतसंस्थेत खातंच नव्हतं. दूध डेअरीचा पगार पतसंस्थेतून व्हायचा, तो अडकला, तेव्हा डेअरीला दूध घालणाऱ्यांचे डबे निम्म्यावर आले. खताच्या दुकानदारानं उधारी बंद केली, कारण त्यालाच माल मिळेना. उन्हाळा म्हणजे माझ्या मिरची कांडपाचा हंगाम, वर्षभराचं तिखट करायला बायका नंबर लावतात. त्या वर्षी दहा किलो मिरची कांडणारी बाई दोन किलो घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तिखट कमी खातो आता आम्ही. आमच्या खान्देशात कोणी तिखट कमी खातं? मी कांडून दिलं.

आमच्या घरात ते मिरचीच्या व्यापाऱ्याच्या वाटेनं शिरलं. गावाबाहेर त्याची पथारी आहे, म्हणजे ओल्या लाल मिरच्या पसरून वाळवायचं मोठं मैदान. नवऱ्याचा टेम्पो त्याचाच माल नंदुरबारला नेतो. व्यापाऱ्याचं चालू खातं वर अडकलं, त्याचे दिलेले चेक परत आले, ज्यांच्याकडून मिरची घेतली होती ते येऊन दारात बसले. भरलेल्या गोण्या गोदामात, टेम्पो अंगणात आणि नवरा खाटेवर, असा आमचा उन्हाळा चालला होता. टेम्पो थांबला म्हणून टायरवाल्याचं, पंपावरच्या पोराचं, वाटेतल्या चहावाल्याचं किती थांबलं ते मला माहीत नाही. पण थांबलंच असणार.

लोक म्हणायचे, गव्हाबरोबर किडेही रगडले जातात. ही म्हण ज्यानं काढली तो गिरणीवाला नसणार. किडे असले तर मी दळण परत करते, चाळून आण म्हणते. इथे कोणी चाळलं नाही. आणि ज्यांना किडे म्हणता ते कोण, तर पथारीवर मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका, बँडवाला, माझा नवरा. खरे किडे गोणीच्या बाहेर राहिले होते, कोणाच्या कर्जाला कोण जामीन आहे ते वरच्या मजल्यावरच्या कपाटात होतं आणि त्या कपाटाची चावी कोणी मागत नव्हतं. त्याच्याऐवजी सगळ्यांनी मला धरलं.

सुरुवात कुजबुजीनं झाली. मग डबे कमी झाले ते पैशांमुळे की रागामुळे, हे कळेना. एकदा मी पाहिलं, माझ्या दारावरून डबा सायकलला बांधून एक जण पुढच्या गावी दळायला चालला होता. चार किलोमीटर. मी हाक मारून म्हटलं, जाताना पाणी पिऊन जा, ऊन फार आहे. त्यानं मान खाली घातली आणि पायडल मारलं. आपली चूक नसताना मान खाली घालायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

मग एक दिवस पतसंस्थेचा सचिव गिरणीत आला. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याच्या हातानं विंचू मारणाऱ्यांतला. बाकड्यावरचं पीठ झटकून बसला आणि खिशातून टाईप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की मी, खाली सही करणार, कोणतीही खातरजमा न करता संस्थेविषयी खोटी अफवा पसरवली, त्यामुळे ठेवीदारांत घबराट होऊन संस्था अडचणीत आली, याबद्दल मी माफी मागते. मी दोनदा वाचला.

"वहिनी, फक्त सही," तो म्हणाला. "साहेबांना दाखवायचं की संस्था चांगली होती, अफवेनं घोळ झाला. मग बंदी उठते. सगळ्यांचे पैसे मोकळे होतात."

"आणि नाही केली तर?"

तो छताकडे बघत म्हणाला की गाळ्याचा करार या महिन्यात संपतो. सही केली तर पाच वर्षांचा नवा करार, नाही तर महिनाअखेर गाळा खाली. रविवारी मारुतीच्या पारावर बैठक आहे, तिथे सगळ्यांसमोर वाचून सही करायची. कागद तो माझ्याकडेच ठेवून गेला.

त्यानं ही गोष्ट गावात आधीच पेरून ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. महिनाभर ज्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं त्या बायका कैऱ्या घेऊन आल्या. वहिनी, तुमच्या एका सहीवर गावाचं अडलंय. वहिनी, पोराची फी भरायची आहे. वहिनी, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबलंय. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, तेच अवघड होतं. चोरानं येऊन धमकावलं असतं तर मी दांडकं काढलं असतं. पण ज्यांचं गेलं होतं तेच हात जोडून सांगत होते की तू खोटं लिहून दे, म्हणजे आमचं परत येईल.

नवराही तेच म्हणाला. "सही करी टाक. तुन्हं काय जास?"

"माझं नाव जातं."

"नाव चाटानं शे का? टेम्पो दोन महिनापासून उभा शे."

मी चिडले, भांडले, ताट बाजूला सारलं. पण खरं लिहायचं म्हणून सांगते, शुक्रवारी दुपारी मी पेन हातात घेतलं होतं. गिरणी गेली तर मी काय करणार होते? तीन फेजची लाईन दुसरीकडे घ्यायची तर अर्ज, चकरा, पैसे. पंधरा वर्षं ज्या दगडांपाशी बसले ते उचलून ठेवणार कुठे? मनात म्हटलं, एक सही, मरो.

त्याच वेळी सातपुड्याकडची एक बाई दारात आली. धडगावच्या वरचं कुठलंसं गाव तिचं, घरी पावरी बोलते, माझ्याशी मोडकी अहिराणी. दरवर्षी ती मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला येते, होळीला घरी जाते आणि परत येते. त्या वर्षी परत आली तेव्हा पथारी बंद. होळीआधीची मजुरी व्यापाऱ्याकडे अडकलेली, ती मिळाल्याशिवाय घरी जायला भाडं नाही, आणि काम नाही. एरवी पायलीभर मका आणायची, त्या दिवशी फडक्यात बांधून मूठ-दोन मुठी आणला होता. एवढ्याशा दाण्यांसाठी चक्की लावली तर निम्मं पीठ दगडातच राहतं. मी तिला माझ्या डब्यातलं दिलं. ती घेईना. मग दाणे ठेव आणि पीठ ने, असं म्हटल्यावर घेतलं.

तिनं माझ्या हातातला कागद पाहिला. वाचता येत नाही तिला, म्हणून मी सांगितलं, असं असं आहे, माझ्या नावावर घालायचं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू सही करशी त मन्ही मजुरी भेटी का?"

मी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. माझ्या सहीनं तिजोरीत एक रुपया तरी वाढणार होता का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बुधवारी सकाळी अकरा वाजता रोकड संपली. एका गावाची संस्था, आणि एका सकाळच्या रांगेला पुरली नाही. मी भुवया उडवल्या नसत्या तर ती पुढच्या महिन्यात संपली असती, आणि तोपर्यंत अजून चार घरांनी त्यात पैसे टाकले असते.

"नही," मी म्हटलं.

"मंग कसाले करस?" असं म्हणून ती फडकं झटकून निघून गेली. तिला खरंच कळलं नव्हतं की मी का करते आहे, आणि तिनं विचारल्यावर मलाही कळेना. पेनाला टोपण लावलं.

रविवारी पारासमोर सतरंज्या घातल्या होत्या. आबा खुर्चीवर, शेजारी सचिव. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, अक्का पुढच्या ओळीत खाली मान घालून. बुधवारच्या गर्दीनंतर आबा-अक्कांच्या दारावर लोकांचा पहारा बसला होता, त्यामुळे ते कुठे गेले नव्हते, आणि तेच आता भांडवल झालं होतं. बघा, आबा गावातच आहेत, पळाले कुठे? सचिवानं माझ्याकडून कागद घेऊन वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं.

मी उभी राहिले. कागद हातात घेतला. म्हटलं, सही करते. पण आधी मला सांगा, मी खोटं काय बोलले?

सचिव म्हणाला, अफवा पसरवली.

"अफवा म्हणजे काय ते सांगू नका. मी काय बोलले ते सांगा. रांगेत सहा जणी होत्या, त्या इथेच बसल्यात. मी फक्त विचारलं होतं, लग्न आहे का गाव सोडताय. हा प्रश्न आहे. प्रश्न खोटा कसा असेल? उत्तर खोटं असतं. त्या दिवशी मला उत्तर मिळालं नव्हतं, आज द्या. आबा, घरात लग्न होतं का?"

आबा म्हणाले, "बाईमानूसना जोडे मी वाद नही करस."

"वाद नका करू. होय का नाही, एवढं सांगा. तीन गोण्या पीठ कशाला लागलं? दादरचं पीठ कोणी साठवत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे."

मागे ओट्यावर चढून बसलेल्या पुरुषांतून आवाज आला, बसव तिले खाली. दुसरा म्हणाला, सही करून मोकळी हो ना. मी मागे वळून म्हटलं, तुझे पैसे गेले तसे माझेही गेलेत, मला खाली बसवायला तू वर चढून का बसलास? दोन-चार जण हसले, आणि त्या हसण्यात कोणीतरी बोललं ते आधी ऐकू आलं नाही.

अक्का बोलली होती. बसल्या जागेवरून, मान वर न करता. सचिव म्हणाला, काय म्हणालात? तिनं पुन्हा सांगितलं.

"सुरतले जानं व्हतं. पोऱ्याकडे. तठे घंटीवाला जवारी दळत नही, म्हनीसनी दळी लिधं."

घंटी म्हणजे गुजरातेतली गिरणी. आबा नुसते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ती आता थांबेल. पण बाईनं एकदा तोंड उघडलं की आतलं सगळं येतं, ते मी रोज गिरणीत बघते.

"दिवाळीपासून माहीत व्हतं आम्हले," ती म्हणाली. "संस्थामा काही ऱ्हायनं नही म्हनीसन."

लोक मनात मोजत होते, दिवाळीनंतर आपण वर काय काय नेऊन दिलं. कापसाचे पैसे, मिरचीचे पैसे, पोरीच्या लग्नाचे पैसे. मग पुरुषांतून एक जण उठला आणि मी पाहिलं तर माझाच नवरा. आदल्या रात्रीपर्यंत सही कर म्हणत होता. चार माणसांत बोलायला तसा कच्चाच.

"आबा," तो म्हणाला, "संक्रांतले तुम्ही मन्हा हातमा तिळगूळ दिधा. आन पैसा मोजी लिधात."

बस, एवढंच. पुढे बोलायची गरज नव्हती. आजूबाजूची माणसं उठायला लागली, प्रत्येकाच्या तोंडी एक महिना होता, कोणाचा पौष, कोणाचा माघ. मी हातातला कागद सचिवाच्या मांडीवर ठेवला आणि बायकांत जाऊन बसले. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे वळली होती.

यानं कोणाचे पैसे परत आले असं नाही. चौकशी लागली, कपाटं सील झाली, चकरा चालू आहेत. देठ खुडणारी बाई मजुरी न मिळताच गावी गेली, भाडं आम्ही काही बायकांनी मिळून दिलं, आणि तिनं ते पुढच्या वर्षी कामातून फेडेन म्हणून बजावून सांगितलं. गाळाही गेला. आबांनी नाही काढलं, पण सगळी इमारतच जप्तीत धरली तेव्हा खाली गिरणी चालवायची परवानगी कोण देणार? महिनाअखेर मला निघावं लागलं. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड मारली.

दगड हलवायच्या दिवशी सकाळी चार माणसं न बोलावता आली. त्यातला एक सायकलवरून पुढच्या गावी डबा नेणारा, दुसरा तो, बसव तिले खाली म्हणणारा. म्हणाले, वहिनी, आम्ही उचलून देतो, पैसे नको. मला कळत होतं ते का आलेत. चक्कीचे दगड जड असतात, चौघांनी मिळून दोर लावून एकेक बाहेर काढला, टेम्पोत चढवला, अंगणात उतरवला. दुपार झाली. मी डब्यातून नोटा काढल्या आणि चौघांपुढे मजुरी धरली.

ते मागे सरले. राहू द्या वहिनी, म्हणाले.

मी म्हटलं, "माफी मागायची असेल तर तोंडानं मागा. दगड उचलून फेडायची नाही. दगडांची मजुरी असते, ती ही घ्या."

मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी मजुरी घेतली.